सीट चार बोटं वर घेतल्याबद्दल

तीर्थस्वरूप भावोजींना,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार या खेपेला नुसता कागदावरचा समजू नका. मधल्या काळात मी तो भर रस्त्यात, लोकांच्या देखत, आठही अंगं जमिनीला टेकवून प्रत्यक्ष घातलेला आहे. तोंड तुमच्या गावाच्या दिशेला नव्हतं, एवढंच.) तुमची तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे, पण मी विचारत नाही, कारण मला माहीत आहे. उजवा गुडघा, वाटीच्या जरा खाली, समोरच्या बाजूने. जिना चढताना कमी, उतरताना जास्त. खुर्चीतून उठताना तोंडातून "आई गं". बरोबर? हे ताईने सांगितलेलं नाही. मला कसं कळलं ते सांगायलाच हे पत्र आहे. भावोजी, मी इतका खुशीत आहे की आज सकाळपासून दुकानात एका शर्टाला दोन डाव्या बाह्या जोडून झाल्या आणि मला त्याचं काहीही वाटलेलं नाही. (गिऱ्हाईक यायच्या आत उसवीन. तुमचा मेहुणा एवढाही वाया गेलेला नाही.)

तुम्ही सायकल टेम्पोतून पाठवलीत आणि हँडलला चिठ्ठी बांधलीत, की गुडघे संपले, तुझ्या ओळखीत कुणी नीट वापरणारा असेल त्याला देऊन टाक. ते वाचून मला काय वाटलं हे तेव्हा कळवलं नाही, आता कळवतो. मला राग आला. निवृत्त झालेला माणूस रोज पहाटे तीन मित्रांबरोबर पुलापर्यंत जाऊन येतो, आल्यावर शिट्टी वाजवत दाढी करतो, आणि तोच माणूस एके दिवशी वय झालं म्हणून खिडकीत जाऊन बसतो, हे मला काही पटेना. ताई फोनवर म्हणाली, तिघं मित्र खाली येऊन घंट्या वाजवत होते, तर तुम्ही "आंघोळीला गेलेत म्हणून सांग" म्हणालात आणि ते कोपऱ्यावर वळेपर्यंत पडद्याआडून बघत राहिलात. खरं सांगतो, ते ऐकून मी मशीनवरचा पाय काढला आणि बराच वेळ काही शिवलंच नाही.

तरी तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून सायकलीला गिऱ्हाईक शोधायचं ठरवलं. आता कुणालाही वस्तू द्यायची तर आधी ट्रायल हवी, हा आमच्या धंद्याचा नियम. (ट्रायलशिवाय एकदाच सूट दिला होता. नवरदेव लग्नात बसलाच नाही, अख्खा वेळ उभा होता.) म्हणून मीच ती घेऊन पोस्टापर्यंत गेलो आणि आलो. उतरलो तर उजवा गुडघा, वाटीच्या जरा खाली, समोरच्या बाजूने! आधी मी घाबरलो. मला वाटलं, गुडघेदुखी सायकलीतून पसरते की काय. आमच्या हिला सांगितलं, तर ती काजं करत होती, तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "तुमची वयं वेगळी, वजनं वेगळी, उंची वेगळी. दोघांत सारखं काय आहे? ती सायकल." आणि दोरा तोडून पुढचं काज घेतलं. भावोजी, मी टुणकन उडीच मारली. (मारायला नको होती. गुडघा दुखत होता.)

मग मी सायकल पुन्हा काढून आमच्याच दुकानाच्या काचेसमोरून चालवत नेली आणि काचेत स्वतःला पाहिलं. काय ते ध्यान! गुडघे पोटाला लागत होते. माझ्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसाची ही गत, तर तुमच्यासारख्या लांब टांगांच्या माणसाचं काय होत असेल? तसाच सायकलवाल्याकडे गेलो. तो प्रत्येक तक्रारीवर चेनला तेल घालतो, तसं त्याने याही तक्रारीवर घातलं. मी हट्टाने सीटचा नट सैल करून घेतला आणि दांडा वर ओढला, तर दांड्यावर गंजाची जुनी रेघ! म्हणजे तुमची सीट पूर्वी पुष्कळ वर होती, आणि नट सैल झाल्यामुळे हळूहळू खाली बसत गेली असणार. रोज एवढीशी, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही. तुम्ही समजलात गुडघे खचले, आणि खचत होती सीट. डॉक्टरांनीही बिचाऱ्यांनी गुडघाच तपासला. सायकल घेऊन त्यांच्या दवाखान्यात कोण जातो?

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण हात शिंप्याचे पडले. तुम्हाला ठाऊक आहे, माझा सगळा धंदा शाळेच्या गणवेशांवर चालतो, आणि गणवेश म्हटला की वाढत्या अंगाचं मार्जिन सोडायचंच. इतकी वर्षं सोडत आलोय, हाताला सवयच लागली आहे. तर सीट लावतानाही मी माझ्या पायाचं माप घेतलं आणि वर तीन बोटं मार्जिन सोडलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाचे पाय वाढणार नाहीत, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही! परिणाम असा की पायडल खाली गेलं की मी एका बाजूला कलायचो, वर आलं की दुसऱ्या, आणि गुडघ्याचं समोरचं दुखणं मागच्या बाजूला गेलं. त्यातून पाय जमिनीला पोचेनात. थांबायचं म्हणजे कशाला तरी धरायचं. एकदा विजेचा खांब धरला, एकदा उभा ट्रक धरला, एकदा एका अनोळखी गृहस्थांचा खांदा धरला (ते ओळख समजून मुलाबाळांची चौकशी करू लागले, मीही केली). आणि एकदा धरायला काहीच मिळालं नाही तेव्हा शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारत राहिलो. माझ्याच हातचे गणवेश घालून पोरं टाळ्या वाजवत होती. शेवटी पहिल्या साष्टांग नमस्काराने सुटका झाली.

मग सीट खाली घेतली, पण घसरू नये म्हणून तिचं नाक जरा वर केलं. त्याने जिथे दुखलं ते पत्रात लिहिता येत नाही, आणि तुम्ही वडीलधारे. बसायची सोय राहिली नाही म्हणून मी दिवसभर उभ्यानेच कापडं बेतत होतो, तर गिऱ्हाइकं आपसांत म्हणत होती की किती कामसू माणूस आहे. नाक खाली केलं तर मी उतारावरून यावं तसा हँडलवर यायला लागलो, सगळा भार मनगटांवर, आणि संध्याकाळी हातात कात्री धरवेना. त्या दिवशीची कापणी हिने केली. (माझ्याहून सरळ केली. हे कुणाला सांगू नका, तिला तर मुळीच नाही.) दुसरा नमस्कार नाक खाली असताना झाला, आणि तिसरा झाला तेव्हा मी सीट, हँडल, नाक सगळंच एकदम बदललं होतं, त्यामुळे तो कशाच्या खात्यात टाकायचा हे आजवर कळलेलं नाही.

त्या तिसऱ्या नमस्कारानंतर ही कोपराला मलम लावता लावता म्हणाली, "ट्रायलला आलेल्या माणसाची कॉलर, बाही आणि कंबर एकदम उसवता का हो तुम्ही? एक उसवा, घालून बघा, मग दुसरं." अहो, काय सांगू! माझाच मंत्र, आणि मलाच ऐकवला. मग मी शहाण्यासारखं एकेक केलं. सायकल भिंतीला टेकवली, वर बसलो, पायडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच ठेवली आणि कंबर न कलता पाय सरळ होईल एवढीच सीट वर घेतली. पुढे चालवताना टाच नाही, चवडा ठेवायचा, म्हणजे गुडघ्यात थोडासा बाक राहतो. झालं! एक दिवस तसंच चालवलं. मग सीटवर दुकानातली मोठी पट्टी आडवी ठेवून नाक सपाट केलं. परत एक दिवस. मग हँडल जरा वर घेतलं, कोपरं ताठ होणार नाहीत इतकं. आणि परवा, भावोजी, परवा मी आमच्या गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो, आणि काही म्हणजे काही दुखलं नाही! गुडघा नाही, मान नाही, मनगट नाही, ते पत्रात न लिहिण्याजोगंही नाही. पुलावर कुणी नव्हतं म्हणून मी मोठ्याने ओरडलो. खालून कपडे धुणाऱ्या एका बाईने काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही झालं, तेच तर!

आता मुद्द्याचं. काल मी ती सीट माझ्या मापावरून काढून तुमच्या मापाला लावली आहे. तुमचं माप मागायची मला गरज नाही. तुमच्या पँटी मीच शिवतो, आणि तुमच्या पायाची आतली लांबी मला पाढ्यासारखी पाठ आहे. (कापड जास्त लागतं म्हणून मनातल्या मनात कुरकुरतो, तेव्हापासून पाठ आहे.) सायकल आली तेव्हा होती त्याहून सीट चार बोटं वर गेली आहे आणि गंजाच्या रेघेला बरोबर भिडली आहे. हँडलही जरा वर घेतलंय, कारण मानेबद्दल तुम्ही बोलला नाहीत तरी शर्टाच्या कॉलरी सैल करून मागता, ते काय मला कळत नाही? तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले की या, बसा, इथल्या मैदानाला एक चक्कर मारा. दुखलं तर मी स्वतः गिऱ्हाईक शोधून सायकल देऊन टाकीन आणि पुन्हा चकार शब्द काढणार नाही. पण बसून बघा. पडद्याआडून बघायचं वय अजून झालेलं नाही तुमचं, मी सांगतो ना.

ताईला नमस्कार. कळावे, लोभ आहे तो राहू द्यावा.

तुमचा (सीट सोडून बाकी सर्व बाबतींत आज्ञाधारक)
मेहुणा

ता. क. सायकलीला गिऱ्हाईक आलं होतं. बँकेतले कारकून, सज्जन माणूस, नीट वापरणारे, तुम्ही लिहिलं होतंत अगदी तसेच. मला ती द्यायची नव्हती म्हणून मी ब्रेक लागत नाहीत असं सांगून टाकलं. आता मी सायकलवर दिसलो की ते रस्त्याच्या पलीकडून "जपून, जपून" म्हणून ओरडतात. तुम्ही आलात की तुम्हालाही ओरडतील. ब्रेक उत्तम आहेत.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. भावोजी, नट सैल नव्हता. मी वर खोटं लिहिलं. सीट ताई खाली करायची. दुपारी तुम्ही झोपलात की मागच्या गल्लीत सायकल शिकायची, आणि तुम्ही उठायच्या आत सीट अंदाजाने परत वर लावायची. पण अंदाज ताईचा, दर खेपेला थोडी कमीच. पानवाल्याच्या टपरीपर्यंत एकटीने जायला लागली होती. आणि तेवढ्यात तुमचे गुडघे गेले. तुम्हीच येणार नसाल तर शिकून कुठे जायचं, म्हणून तिने सोडून दिलं. सीटमुळे दुखत होतं हे मी फोनवर सांगितलं, तेव्हा तिने हे सगळं कबूल केलं. मग म्हणाली, "त्यांना सांगू नकोस. आणि पहाटे मला त्यांच्याबरोबर यायचं होतं, हे तर मुळीच सांगू नकोस." म्हणून सांगतो आहे.

ता. क. ३. सायकलवाल्याकडून एक जुनी बुटकी सायकल आणून ताईच्या मापाला लावून ठेवली आहे. दोघं या. एकटे आलात तर तुमची मिळणार नाही.