बेटाचे फोटो आणि जास्तीचं पान

आबा, तुमचे ते विलायतेकडच्या बेटाचे फोटो काल उन्हात टाकले. पावसाळाभर पेटीत राहून त्यांना बुरशी धरली होती. धक्का, त्यामागे उंच घरांची ओळ, डोंगरातल्या घळी, त्यांतले झरे आणि लाकडी साकव. एका फोटोत धक्क्याच्या टोकाला छत्री घेतलेली एक बाई पाठमोरी उभी आहे. आई आयुष्यभर त्या पाठीकडे बघत राहिली, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

मोठ्या लढाईनंतर काही वर्षांनी तुम्ही आगबोटीवरचं खलाशाचं काम सोडून रेवदंड्याला घरी आलात, ते हे फोटो घेऊन. मी मराठी शाळेत होते. अजून डोळ्यांसमोर आहे, तुम्ही चुलीपाशी बसून मला एकेक फोटो दाखवता आहात, आणि आई सुके बोंबील निवडताना मान वर करत नाही. ही घळ आपल्या चौलच्या डोंगरामागच्यासारखी, असं तुम्ही म्हणालात. "मंग हितलीच बघायची व्हती," आई म्हणाली. "येवऱ्या लांबून पाठीचा फोटू कशाला आनला?" तुम्ही नुसतं हसलात. ते हसणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

त्या वर्षी सर्वपित्रीला आईने आजोबांचं आणि आजीचं पान वाढलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, आणखी एक वाढ. "कोनासाठी?" "हाय एक." तिने वाढलं. भात, वडे, भोपळ्याची भाजी, खीर, कशातही हात आखडला नाही. तिन्ही पानं परड्यात मांडून ती दाराआड उभी राहिली. कावळा आला आणि आजीआजोबांना सोडून आधी त्या तिसऱ्या पानाला शिवला. आई आत येऊन मला म्हणाली, "मेलेली हाय म्हनजे. बरा झाला." पण त्या दिवशी ती जेवली नाही. पुढे दर वर्षी तुम्ही पान मागितलंत, दर वर्षी तिने तेच विचारलं आणि तुम्ही तेच उत्तर दिलंत.

मास्तरांनी फोटोतले कपडे बघून सांगितलं की हे राणीच्या वेळचे, तुमच्या जन्माच्याही आधीचे. मी धावत येऊन आईला सांगितलं. म्हटलं, ही बाई आता म्हातारी असेल किंवा नसेलही. आई म्हणाली, "फोटू जुना आसल. बेटावर नव्या बाया व्हत न्हाईत काय?"

तुम्ही गेल्यावर तुमच्या बोटीवरचे सारंग, खलाशांचे मुकादम, आगरदांड्याहून भेटायला आले. ओटीवर बसले, फोटो तेव्हा समोर भिंतीला होते, ते बघून आपणहून म्हणाले, "वहिनी, आमची बोट त्या बेटाला कधी लागलीच न्हाय. लांबून दिसायचं, तेबी धुकं नसलं तर. हे फोटू यानं लिव्हरपूलला जुन्या सामानाच्या दुकानातून उचलले. मी संगतीला होतो." आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "मंग कावला शिवला कसा?" सारंग माझ्याकडे बघायला लागले. ते मुसलमान, त्यांच्यात पितरांची पानं नसतात. ते गेल्यावर आई म्हणाली, "एका बोटीवरचे. येकमेकाचा झाकनारच."

तरी त्या सर्वपित्रीला तुमचं पान वाढल्यावर तिने जास्तीचं पानही वाढलं, फक्त तुमच्या पानापासून हातभर लांब. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "आसली तर उपाशी नको. नसली तर कावल्याचा पोट भरल."

आता आईही नाही. मी मुलींच्या शाळेत शिकवते, आणि कोणी फोटोंविषयी विचारलं की सारंगांनी सांगितलं तेच सांगते. पण माझ्या मनात ते कधी नीट बसलेलं नाही. जुन्या सामानाच्या दुकानात कितीतरी गावांचे फोटो असतील, तुम्ही एकाच बेटाचे का घेतलेत? आणि सारंगांना कोणी विचारलं नव्हतं. न विचारता माणूस दुकानापर्यंतची हकीकत का सांगतो? कधी वाटतं, बुडालेल्या एखाद्या सोबत्याचं ते पान असेल. मग वाटतं, तसं असतं तर तुम्ही आईला सांगितलं असतं. एवढं सांगायला तुमचं काय जात होतं?

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, कागद पेटीतच राहील. आज सर्वपित्री. आजीआजोबांची पानं मांडली, मग तुमचं, तुमच्याशेजारी आईचं, आणि ते जास्तीचंही. माडावर कावळे ओरडायला लागले तसं मी परड्याचं दार लावून घेतलं आणि हे लिहायला बसले. पानं अजून उचललेली नाहीत. कावळा आधी कुठल्या पानाला शिवला ते मी बघितलं नाही, आबा. मला बघायचं नव्हतं.