बेल्ट सोडून सगळं

४ मे, सकाळी
सेल्फ मारला तर ट्रॅक्टर नुसता 'टक्' म्हणाला. उतारावर ढकलून चालू केला. चार्जिंगचा लाल दिवा मात्र विझेना. दिवाच खराब असावा. बाकी ट्रॅक्टर ठणठणीत.

सासूबाईंचं शेत नांगरायचंय. थोरला जावई म्हणून दरवर्षी मीच नांगरतो. यंदा साडूने नवा ट्रॅक्टर घेतलाय, छतवाला. सासूबाई म्हणाल्या, रंग छान आहे. रंगाने नांगरट होत नाही.

५ मे
बायकोने मला न विचारता साडूला फोन लावला. तो म्हणाला, दादांना सांगा, आधी बेल्ट अंगठ्याने दाबून बघा, ढिला असेल तर बॅटरी चार्ज होत नाही. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हा अंगठा शिकवतो. बेल्ट सोडून सगळं तपासायचं ठरवलं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

६ मे
बॅटरीची टर्मिनल घासली. फ्यूज बदलला. मल्टिमीटर आणला. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट हवेत, हा बाराच दाखवतो. मीटर बिघडलेला निघाला. साडूकडे अगदी असाच आहे, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

७ मे
नवी बॅटरी. एका सेल्फमध्ये चालू. बायकोला मुद्दाम बाहेर बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, लाल दिवा अजून का लागतोय? हिला माझी चांगली बाजू कधी दिसतच नाही.

९ मे
नवी बॅटरीही बसली. बॅटरीवाला चोर. पुन्हा उतार. यापुढे इंजिन बंदच करायचं नाही. डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्याला वीज लागत नाही, हे साडूला कुठून माहीत असणार. जेवतानाही अंगणात चालूच ठेवला. बायको काय बोलली ते ऐकू आलं नाही, हा आणखी एक फायदा. शेवटी धूर स्वयंपाकघरात शिरला तेव्हा तिनेच जाऊन ट्रॅक्टर बंद केला.

११ मे
बॅटरी चार्ज करतो त्या अल्टरनेटरची परीक्षा घेतली. रेस वाढवून, चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढली. इंजिन बंद पडलं नाही. म्हणजे अल्टरनेटर उत्तम. थोडा जळका वास आला.

१२ मे
बायकोने इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने बेल्टवर अंगठा ठेवला, तो उशीत रुतावा तसा रुतला. म्हणाला, मूळ दोष एवढाच होता. मग विचारलं, चालू इंजिनवर वायर कुणी काढली? अल्टरनेटरमधले डायोड जळालेत, आता बॅटरी चार्ज होणं सोडा, उलट उतरत राहील. मी म्हणालो, काल साडू येऊन गेला. बायको म्हणाली, भावजी काल गावातच नव्हते.

नवा अल्टरनेटर परवा येईल. बॅटरी चार्ज करून दिली आणि ट्रॅक्टर हलवू नका म्हणाला.

१३ मे
सासूबाईंचा निरोप आला. धाकट्या जावयाला सांगू का, विचारत होत्या. कळवलं, उद्या सकाळी हजर आहे.

१४ मे, संध्याकाळी
अल्टरनेटरची वाट न बघता, बायकोला घेऊन वेळेवर गेलो. दोन फेऱ्या झकास झाल्या. सासूबाई बांधावर येऊन काहीतरी विचारू लागल्या. आवाजात ऐकू येईना, म्हणून मान राखून इंजिन बंद केलं. त्या विचारत होत्या, बॅटरी आता ठीक आहे ना?

सेल्फने 'टक्'सुद्धा केलं नाही.

सासूबाईंनी फोन केला, साडू नवा ट्रॅक्टर घेऊन आला. उरलेलं शेत त्याने नांगरलं, मग माझ्या ट्रॅक्टरला साखळी लावली. बायको आणि सासूबाई त्याच्या छताखाली बसल्या. वाटेत तो मागे वळून सांगत होता, दादा, गिअर टाकून क्लच सोडा, लगेच चालू होईल. ते मलाही माहीत होतं. पण त्याच्या सांगण्यावरून चालू करणं मला जमणारं नव्हतं. घरापर्यंत न्यूट्रलमध्येच राहिलो.

लोक म्हणतील, ओढत आणला. स्टिअरिंग पूर्ण वेळ माझ्या हातात होतं. आम्ही एकाच रस्त्याने येत होतो, तो जरा पुढे होता, इतकंच.