वैशाखी पौर्णिमेला आलेला ऑक्टोपस

नेरूळ,
२४ मे १९८७

चि. सुमेधा हिला बाबांचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण तो तू इथे होतीस तेव्हाही दुखत होता, त्याचा जपानशी संबंध नाही. पाणी दिवसाआड येतं. समोर नवीन इमारती उभ्या राहताहेत, त्यामुळे खाडीचा वारा अडला आणि सिमेंट मात्र घरात यायला लागलं. तुझं पत्र मिळालं. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी कॅसेटबद्दल.

जहाजावर काम करणारे उरणचे ते गृहस्थ स्वतः घरी येऊन कॅसेट देऊन गेले. सोबत तुझी चिठ्ठी, की सगळ्यांनी मिळून बघा, सविस्तर पत्र मागाहून पाठवते. आता तूच सांग, पाठवणारी मुलगी बौद्ध, देश बौद्ध, महिना वैशाख. माणसाने काय समजायचं? मी जे समजायचं तेच समजलो. वसाहतीच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि जाहीर केलं, की यंदा बुद्धपौर्णिमेला प्रवचनाऐवजी खास जपानहून आलेला, तथागतांच्या जीवनावरचा चित्रपट दाखवण्यात येईल. टाळ्या पडल्या. अध्यक्ष रावसाहेबांनी तेवढं विचारलं, "सिताराम, आधी एकदा घरी बघून घ्यायचा का?" मी म्हणालो, "माझा माझ्या मुलीवर विश्वास आहे." एवढं बोलून खाली बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी वर असंही म्हणालो, की भाषा जपानी असली तरी काळजी नको, निरूपण मी करीन.

करावे गावच्या नामाकडून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणला. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या. सगळी मंडळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आली. टीव्हीला हार घातला, समोर मेणबत्त्या लावल्या, उदबत्त्यांचा एवढा धूर झाला की पडदा दिसेना, तेव्हा अर्ध्या विझवल्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग मी हातात काठी घेऊन टीव्हीच्या बाजूला उभा राहिलो आणि नामाला खूण केली.

चित्र वरच्या वर पळायला लागलं. नामाने मशीनला दोन थपडा मारल्या आणि म्हणाला, "काका, ही फॉरेनची कॅशेट हाय. आपले मशिनीवर रंग नाय येनार." म्हटलं, न येऊ दे. चित्र थांबलं, तर काय! काळंपांढरं कार्टून. समुद्राचा किनारा आणि त्यावर पळणारी एक मुलगी. तिचे डोळे एवढे मोठे, की गिरजाबाई लगेच म्हणाल्या, "अगं बया, हिला आधी डाक्टरला दाखवा."

पोरं टाळ्या पिटायला लागली. मला वाटलं, सुरुवातीला जाहिरात असेल. पण जाहिरात संपेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत आणि माझ्या हातात काठी. मी म्हणालो, "हा बालपणीचा सिद्धार्थ."

मागून रावसाहेब म्हणाले, "सिताराम, सिद्धार्थाने फ्रॉक का घातलाय?"

"जपानी पद्धत आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात समुद्रातून एक आठ पायांचा काणा प्राणी वर आला. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि काठीने दाखवून म्हणालो, "हा मार. सिद्धार्थाला मोहात पाडायला आलेला आहे." त्या माराने काय करावं? सिद्धार्थाच्या हातचा भात खाल्ला, आठही पायांनी नमस्कार केला आणि घरासमोर बसून तिच्या बापाची जाळी शिवायला लागला. हॉल हसून हसून लोळत होता. गिरजाबाई म्हणाल्या, "ह्यो मार बरा हाय की. आमच्याकडं पाठवा एक, भांड्याला." मंडळाच्या निवडणुकीत मी आपटलो होतो, तेव्हासुद्धा मला इतका घाम फुटला नव्हता.

शेवटी रावसाहेब उठले. "हे लहान पोरांचं आहे. बंद करा, आपण वंदना घेऊ." पण बायका जागच्या हलेनात. कारण इकडे त्या मुलीचं आणि बापाचं काहीतरी बिनसलं होतं आणि का ते कोणाला कळत नव्हतं. मला तर नाहीच. तेव्हा तुझ्या आईने बसल्या जागेवरून निरूपण हातात घेतलं.

"तिला पल्याडच्या गावाला नावा बांधायला शिकायचंय. बाप म्हनतो, हितं काय नावा न्हाईत का?"

मी म्हणालो, "बायजा, तुला जपानी कधीपासून येतं?"

"ह्यात जपानी काय हाय? बाप लेकीवर रुसला की आसाच ताटावरनं उठतो."

त्यानंतर माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. सगळा हॉल तिचं ऐकत होता, रावसाहेबसुद्धा, तेही पुढे सरकून. ती मुलगी गाठोडं घेऊन होडीत बसली तेव्हा बाप धक्क्यावर पाठ करून उभा होता. तुझी आई म्हणाली, "तो म्हनतोय, जा बाय." मी न राहवून म्हणालो, "तो काही बोलत नाहीये. त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही."

"तुमचं तरी कवा दिसतं?" ती म्हणाली.

बायका हसल्या. मी काठी भिंतीला टेकवली आणि खिरीचं पातेलं बघायला बाहेर गेलो. खिरीला काही झालेलं नव्हतं. मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो.

तुझं सविस्तर पत्र दुसऱ्या दिवशी आलं. हेच आदल्या दिवशी आलं असतं तर पोस्टाचं काय बिघडलं असतं! तू छपाईचं तंत्र शिकायला गेलीस असं मी अख्ख्या वसाहतीला सांगून ठेवलंय. आणि तू लिहितेस, की शिकणं संपत आलंय, एका चित्रांच्या कंपनीत तू पारदर्शक कागदांवर रंग भरतेस, आणि त्या काण्या माराच्या पायांत रंग तूच भरलेत. कंपनी आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायला तयार आहे. तिकडे याला ॲनिमे म्हणतात आणि मोठमोठी माणसं ऑफिस सुटल्यावर तिकीट काढून ते बघतात. बघोत बापडी. मी फार चिडलो. दोन दिवस कोणाशी बोललो नाही. अर्थात ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी तू लिहिलंयस, "बाबा म्हणतील तसं करीन." हे वाक्य तू आईकडून शिकलीस. ती असं म्हणते तेव्हा तिचं सगळं ठरलेलं असतं.

परवा मी करावेला गेलो होतो. मासळी आणायला. तुझी आई म्हणाली, मीपन येते, आणि पिशवीत कॅसेट घेतली. मी पिशवीत काय आहे ते विचारलं नाही. नामाचा चुलतभाऊ जहाजावर असतो, त्याने बाहेरून आणलेल्या मशीनवर रंग दिसतात. आम्हाला त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि लावलं.

सुमेधा, तो ऑक्टोपस जांभळा आहे. रागावला की हिरवा पडतो आणि लाजला की शेंड्यांकडून गुलाबी होत जातो. हे मला माहीतच नव्हतं. समुद्र निळा नाही, मातकट आहे, ओहोटीला आपली खाडी दिसते तसा. सिनेमातला समुद्र मी कधी असा बघितला नव्हता. तुमच्याकडे रंग कोण ठरवतं ते मला ठाऊक नाही, पण ज्याने ठरवला त्याला आणि जिने भरला तिला समुद्र माहीत आहे. त्या बापाच्या सदऱ्याला कोपरावर ठिगळ आहे, तेही वेगळ्या रंगाचं. काळ्यापांढऱ्यात ते दिसलंच नव्हतं. तुझी आई या वेळी काही सांगत नव्हती. नुसती पदर तोंडाला लावून बसली होती. नामाच्या घरच्यांनी विचारलं, "काकी, काय झालं?" तर म्हणाली, "काय न्हाय, लेकीचं काम बगतेय."

काल मी पुन्हा गेलो. एकटाच. मासळी संपली होती.

आज सकाळी रावसाहेब घरी आले. पौर्णिमेचं मनात ठेवलेलं नाही असं आधीच सांगून टाकलं, म्हणजे ठेवलेलं आहे. तुला आठवत असेल, त्यांचा पनवेलचा भाचा बँकेत आहे. त्याच्यासाठी ते तुझ्याबद्दल मागेही बोलले होते. मुलगा चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. रावसाहेब म्हणाले, "तिला लिही, जूनमध्ये परत ये. मंडळी थांबलीत. फक्त हे पोरखेळाचं काम सोडावं लागेल."

मी म्हणालो, "नाही सोडणार ती."

रावसाहेब दचकले. तुझी आई आतून बाहेर आली. खरं सांगायचं तर मीसुद्धा दचकलो.

ते म्हणाले, "तिला विचारलंस तरी का?"

"तिनेच मला विचारलंय."

"मग तू काय सांगितलंस?"

"आज लिहिणार आहे."

ते चहा न घेता गेले. पनवेलचा विषय संपला असं समज. मंडळात आता वर्षभर माझी खैर नाही. गिरजाबाई मात्र भेटतील तिथे विचारतात, त्या माराचं पुढे काय झालं.

तेव्हा आता लिहितो. राहा, सुमेधा. दोन वर्षं म्हणतेस तर दोन वर्षं, जास्त लागली तर जास्त. तू इथे नाहीस हे मला अजिबात आवडत नाही. दारावर कोणी थाप मारली की अजून मीच आधी उठतो, आणि पोस्टमन निघाला तरी त्याला पाणी विचारतो, कारण तो तुझ्याकडून येतो. हे मी तुला विमानतळावर सांगायला हवं होतं, पण तिथे मी तुझ्या बॅगेचं कुलूपच तपासत बसलो. म्हणून आज स्वच्छ अक्षरात लिहितोय. राहा आणि काम कर. चांगलं करतेस. ते मी रंगांत दोनदा बघितलंय.

तुझी वाट बघणारा, पण घाई न करणारा,
बाबा