चारही कोपरे कापलेलं कार्ड

रिसोड,
ता. १२ जून १९७७

आदरणीय इंद्रभान गुरुजी यांस,
पंचफुलाचा जयभीम.

इकडे आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. किन्हीराजाची हवा तुम्हाला मानवली का? गुडघा कसा आहे? उद्या शाळा उघडेल, यंदा मला दहावीचं इंग्रजी दिलं आहे. तुम्ही एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिलेली डिक्शनरी पोचली. तीन किलो तरी असेल. 'आता मला चष्म्यातूनही दिसत नाही, तूच वापर,' अशी तुमची चिठ्ठी वाचून माझे डोळे भरून आले होते.

शुद्ध भाषेत इतकंच लिहिता येते, गुरुजी. याच्यापुढं मले राग आहे, अन् राग आला की माही बोली येते. लाल शाई घेऊन बसू नका.

डिक्शनरी उघडली तं ती आपसूक एकाच पानावर उघडली. 'रीड' या क्रियापदाचं पान. तुमी पेन्सिलीनं खाली रेघा ओढून ठेवल्या हायेत. आठवीत असताना तुमी हे शिकवलं होतं. अर्धा वर्ग पेंगत होता, मी जागी होती. हजार-बाराशे वर्षांमागं इंग्रज माणूस हे क्रियापद वापरे ते सल्ला द्याले. मग कोडं सोडवाले, सपनाचा अर्थ लावाले. कागदावरची अक्षरं त्याईले कोड्यासारखीच वाटत, म्हून ती उलगडाले बी तोच शब्द. शेजारच्या देशाईनं तो शब्द सल्ल्यापाशीच ठेवला, इंग्रजाईनं अक्षरापाशी नेला. पुढं तीन-चारशे वर्षांमागं माणसाचं तोंड बी याच शब्दानं वाचू लागले, अन् आता तं विजेचं मीटर वाचतेत. सल्ल्याचा अर्थ मातर गळून गेला. "गळून जाते, पण मुळात राह्यते," असं तुमी म्हणे. मले तवा वाटलं, काय विद्वान माणूस हाय!

त्याच पानात एक पोस्टकार्ड होतं. तुमी विसरले का मुद्दाम ठेवलं, ते तुमचं तुमाले माहीत.

कार्डाचे चारही कोपरे कापलेले. तीन साफ, अन् चौथ्याच्या कडेले फाटल्याची खूण अजून दिसते. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी, हे आपल्या केनवडात शेंबड्या पोराले बी समजते. तसं कार्ड कोणी घरात ठेवत नाही. अन् एक कोपरा फाटलेला दिसू नये म्हून बाकीचे तीन कापाचे, ही अक्कल ज्याची असंन त्याले मी काय म्हणू?

कार्ड चांद्याच्या खाणीवरून आलेलं. बाबाच्या जोडीदारानं, सेवादासनं, लिहिलेलं. "जगदेव दवाखान्यात वारला. दोन दिवस होता. सोजर आली काय, असं घडीघडी विचारत होता. मातीले आमी चौघं होतो." मायचंच नाव घेत गेला. पोस्टाचा शिक्का मार्च १९६७ चा.

गुरुजी, माहा बाप १९७० च्या आषाढात वारला असं तुमीच आमाले वाचून दाखवलं होतं. माही मॅट्रिक झाली, कॉलेजात नाव घातलं, अन् पंधरा दिवसांनी. मंग मधले तीन वर्षं आमाले पत्र कोण लिहीत होतं?

मले ते दिवस चांगले आठवतेत. मोठेबाबा, जानराव, ओट्यावर बसून राहे. घर त्याईचं, दाणागोटा त्याईचा, शब्द त्याईचा. अक्षर त्याईले बी येत नव्हतं. माय पदराखालून पत्र काढे, तुमी वाचे. "पोरीची शाळा बंद करजा नोको. मॅट्रिक झाल्याबिगर लगन नाही." मालेगावकडचे पाहुणे मले पाहून गेले होते, त्याच आठवड्यात हे पत्र वाचलं होतं. मोठेबाबा चिडले, पण जिता भाऊ सांगून राह्यला म्हून चूप बसले. मी दाराआड बसून ऐके. नववीत मी गणितात नापास झाली तं पुढच्या पत्रात बाबानं लिहिलं, "रडू नोको, मी बी खाणीत पहिल्या दिवशी रडलो होतो." ते वाक्य मी दहा वर्षं उराशी धरून हाय. परीक्षेच्या हॉलात बसली की ते म्हणे अन् मंगच पेपर उघडे.

ते वाक्य तुमचं हाय काय, गुरुजी?

मी बाबाले चोरून पत्रं लिहून तुमच्याजवळ पेटीत टाकाले देत होती. नापास झाली ते तुमालेच माहीत होतं, अन् त्या पत्राले. ते पत्र कुठं गेलं? चुलीत?

आता जे लिहाचं टाळून राह्यली ते लिहितो. विहिरीवर वर्गातली हेमला एकदा मले म्हणे, "तुह्या मायचा मालक खाणीत राह्यते का शाळेत?" मी तिच्या डोक्यात बादली घातली होती. तीन टाके पडले. तुमीच मले वर्गासमोर उभं करून तिची माफी मागाले लावली. आज वाटते, हेमलाच खरं बोलत होती. दर पत्राले तुमी आमच्या ओट्यावर भाकर खाल्ली. एका बाईले तीन वर्षं खोटं कुकू लावाले लावलं. काहून? तुमच्या मनात काय होतं? हे कार्ड आलं त्या वर्षी माय गावातल्या मोठ्या घरच्या मिरच्या कांडाले घेत होती. दिवसभर उखळापाशी, डोळे लालभडक. तिले काहीच माहीत नव्हतं, अन् तुमी सारं माहीत असून तिच्यासमोर ठेचा-भाकर खात होते!

मायले मी अजून काही बोलली नाही. कार्ड डिक्शनरीतच हाय. उत्तर द्याचं तं खरं द्या. तुमच्या अक्षरावर आता माहा भरोसा नाही.

पंचफुला जगदेव


रिसोड,
ता. २९ जून १९७७

गुरुजी,

तुमचं कार्ड भेटलं. हातात घेतल्याबरोबर आधी चारही कोपरे पाह्यले. सवय लागली. एकच ओळ: "मायले विचार, मी तिच्या परवानगीबिगर बोलणार नाही." मले वाटलं, बुढा सुटाले पाहून राह्यला.

तरी विचारलं. रविवारी माय दारात सुपारी कातरत बसली होती. मी कार्ड तिच्या मांडीवर टाकलं. म्हटलं, "माय, हे गुरुजीनं तुह्यापासून लपवलं."

तिनं अडकित्ता खाली ठेवला. कार्ड उचललं, अन् सरळ त्या फाटक्या कोपऱ्यावर आंगठा ठेवला. पाह्यलं बी नाही, आंगठ्यालेच माहीत होतं. मंग म्हणे, "गुरुजीनं जपून ठेवलं वो."

"तुले माहीत होतं?"

"पोस्टमननं हातात देलं अन् पाणी न पिता गेला. तवाच समजलं. मले काय अक्षर लागते त्याले?"

"मंग हे कोपरे?"

"याच अडकित्त्यानं कापले. गोठ्यात बसून. तुहे मोठेबाबा ओट्यावर होते. फाटका कोपरा पाह्यला असता तं तेराव्याच्या आधी तुह्ये हात पिवळे केले असते. बापाबिगरच्या पोरीले कोण शिकवते?"

ती सांगत गेली, गुरुजी, अन् मले ते सारं दिसाले लागलं. ओट्यावर सारे बसलेले, अन् ती तुमाले कार्ड देऊन म्हणते, "वाचा गुरुजी, पोरीच्या शाळेचं काय लिहिलं ते वाचा." हे वाक्य मी बी दाराआडून ऐकलं होतं. दहा वर्षांत मले कधी प्रश्न पडला नाही, की पत्र वाचाच्या आधी तिले कसं माहीत की त्यात शाळेचं लिहिलं हाय! तुमी तिच्या तोंडाकडं पाह्यलं, कार्डाकडं पाह्यलं, अन् वाचाले लागले. नंतर तिनं दर वेळी तेच एक जुनं पत्र आणलं म्हणे, बाबा जिते असतानाचं, अन् तुमी त्यातून दर वेळी नवीन काढलं. या गोष्टीवर तुमी दोघं एक शब्द बी बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतर बी नाही. मायनं आण घेतली म्हून मी मानलं.

मी तिले विचारलं, "अन् कुकू?"

"लावाचीच लागे. आरसा नाही पाह्यला तीन वर्षं."

"रडली नाही तू?"

"मिरच्या कांडल्या ना," म्हणे.

गुरुजी, मी तुमाले काय काय लिहिलं! ते पत्र जाळून टाका. हेमलाचं नाव घेऊन मी जे लिहिलं ते माह्याच मनात होतं, हेमलाच्या नाही. मी तुमच्या पाया पडतो म्हटलं तं तुमी म्हणसान आपल्यात पाया पडत नाहीत. तं मंग नुसती उभी राह्यतो, वर्गासमोर.

एवढ्यावर झालं असतं तं हे पत्र इथंच सरलं असतं. पण मायनं कार्ड माह्या हातात देलं. म्हणे, "आता वाच. खरं वाच. इतक्या वर्षांत यात काय लिहिलं ते मले कोणी सांगितलंच नाही. गुरुजीले विचाराची सोय नव्हती."

तवा मले समजलं, तिले फकत कोपरा माहीत होता. आतलं अक्षर नाही. बाबा कसे गेले, किती दिवस होते, कोणाचं नाव घेत होते, काही नाही. ती माह्या तोंडाकडं पाहून राह्यली, अन् माह्या हातात ते वाक्य होतं: सोजर आली काय, असं घडीघडी विचारत होता.

मी चष्मा पुसला. मी वाचलं, "जगदेव झोपेतच गेला. तरास काही झाला नाही. आदल्या दिवशी म्हणे, सोजर हाय तं मले पोरीची फिकीर नाही. मातीले सारी खाण आली होती."

खाणीतलं वाक्य तुमचं होतं का बाबाचं, हे आता मी तुमाले विचारणार नाही. तुमी बी सांगू नोका.

मायनं कार्ड घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. बोटानं ओळी मोजल्या. चारच ओळी. अडकित्ता उचलून सुपारी कातराले लागली अन् म्हणे, "अगदी गुरुजीवाणीच वाचतं वो तू."

तुमची विद्यार्थिनी,
पंचफुला