आड आलेला शब्द

प्रिय कंपाउंडर,

तुला इथून जाऊन आज सत्तेचाळीस दिवस झाले. हे दिवस मी मोजलेले नाहीत. तुझी वहिनी मोजते आणि रोज सकाळी चहाच्या वेळी आकडा मला ऐकवते. तिची प्रकृती आता बरी आहे. काल रक्ताचा अहवाल आला. पोटॅशियम चार पूर्णांक एक, म्हणजे जिथे असावे तिथे. डॉक्टरांनी छातीवर तारा लावून पुन्हा आलेख काढला आणि ठोके एका लयीत पडत असल्याचे सांगितले. घरी येताच ही म्हणाली, "भावजींना कळवा." या पंधरवड्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातल्या क्रियापदाचाच मला राग येऊ लागला आहे. आजार तिचा, धावपळ माझी, आणि कळायचे मात्र तुला!

मला तुझा हेवा वाटत आला आहे, असे मी या पत्राच्या कच्च्या प्रतीत लिहिले होते. फेरवाचनात तो शब्द खोडला. हेवा वाटणाऱ्याला दुसऱ्याजवळची गोष्ट आपल्यालाही हवी असते. ती दुसऱ्याजवळ मुळी असूच नये, असे ज्याला वाटते, तो मत्सर करतो. मी मत्सर केला. चाळीस वर्षे छापखान्यात दुसऱ्यांचे शब्द तपासले, तेव्हा स्वतःसाठी तरी नेमका शब्द वापरावा.

तुझी पत्नी गेल्यानंतर तू रोज सकाळी आठ वाजता एक जिना चढून आमच्याकडे येऊ लागलास. आधी वर्तमानपत्रासाठी, मग वहिनीच्या नाडीसाठी. तिचे मनगट तीन बोटांनी धरायचे, डोळे मिटायचे आणि ओठ हलवत मोजायचे. अर्धे मिनिट, असे तू म्हणायचास. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहत असे. ते कधीच अर्धे मिनिट नसे, निदान पाऊण तरी असे. मग तू म्हणणार, "बहात्तर! वहिनी, तुमच्यावरून घड्याळ लावावं माणसानं." आणि ही खळखळून हसणार. बावन्न वर्षांच्या संसारात माझ्या एकाही वाक्याला ती तशी हसलेली नाही, आणि माझी वाक्ये तुझ्यापेक्षा कितीतरी बांधीव होती. मी एकदा तिला विचारलेही, की त्यात हसण्यासारखे काय असते. ती म्हणाली, "तुम्ही एकदा मनगट धरून बघा, म्हणजे कळेल." मी धरले नाही. दुसऱ्याच्या मागाहून कुठलीही वस्तू हातात घ्यायची नाही, हा माझा जुना ताठा तुला ठाऊक आहे.

म्हणून मी ते यंत्र आणले. दंडाला पट्टा गुंडाळला आणि बटण दाबले, की रक्तदाब आणि ठोके दोन्ही आकड्यांत दिसतात, मग सकाळी कोणाला जिने चढायला लावण्याचे कारणच काय? तुला तसे सांगताना मी 'तुझे गुडघे दुखतात' अशी पुस्तीही जोडली. तू हसून "बरं, पंडित" म्हणालास आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाहीस. त्याच आठवड्यात हिच्या पायांवर सूज आली आणि डॉक्टरांनी पाण्याची गोळी लिहून दिली. शरीरात साचलेले पाणी लघवीवाटे काढून टाकणारी, म्हणून पाण्याची. त्यांचे अक्षर आम्हाला लागेना. हिने औषधे परस्पर तुझ्याकडे नेली आणि तू नेहमीप्रमाणे सगळे आपल्या भाषेत एका चिठ्ठीवर उतरवून दिलेस. ती चिठ्ठी तिने माझ्यापुढे ठेवली ती सुद्धा अशा कौतुकाने, की जणू ताम्रपटच! चार ओळींत सहा चुका. 'गोळि' ऱ्हस्व, 'जेवना नंतर' दोन तुकड्यांत आणि तेही न-ण च्या घोळासह. असला मजकूर माझ्या घरात कपाटाच्या दारावर चिकटवणे मला मान्य नव्हते. मी त्याची शुद्ध प्रत केली, समास सोडून, ठळक अक्षरांत, आणि ती चिकटवली. तुझी चिठ्ठी मी शब्दकोशात घालून ठेवली.

पुढचे तीन आठवडे ती खंगत गेली, हे तू पाहिले नाहीस. कारण मी तुला पाहू दिले नाही. तिच्या पोटऱ्यांत गोळे येत. कणीक मळताना हात गळून जात, बद्धकोष्ठ झाले, आणि तास न् तास ती खिडकीशी बसून राही. मी त्याचा अर्थ काय लावला असेल? भावजी येत नाहीत म्हणून हिचा जीव रमत नाही. दुसऱ्या कुठल्या अर्थाचा विचारच मी केला नाही. यंत्राच्या पडद्यावर रोज एक चिमुकले हृदय अडखळत लुकलुकायचे. सेल संपत आले असतील, असे मला वाटले. मी सेल बदलले.

त्यानंतरचे तुला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. भाजी घेऊन जिना चढताना तिला अंधारी आली आणि ती तुझ्या दारात बसली. तू तिचे मनगट धरलेस आणि वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात ओरडलास, "पंडित, चपला घाल! यांची नाडी दोन ठोके पडते आणि तिसरा गिळते." रिक्षात तू तिचा हात क्षणभरही सोडला नाहीस. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो आणि आरशातून बघत होतो. माझी बायको मरणाच्या दारात होती आणि मी बघत होतो ते तुझी बोटे. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

रुग्णालयातल्या त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळे नीट समजावले. रक्तातले पोटॅशियम साडेतीनच्या खाली जाऊ नये, हिचे अडीचवर आले होते. गोळीने निघणाऱ्या पाण्याबरोबर तो क्षारही वाहून जातो. तरुण शरीर हे काही काळ निभावते, पण या वयात खाणे कमी, मूत्रपिंडे थकलेली, आणि हृदयाच्या ठोक्याची सारी शिस्त त्या चिमूटभर क्षारावर अवलंबून. तो घटला की हृदय भरकटते, कधी कधी थांबतेही. तो शिरेतून परत द्यायचा तर थेंबाथेंबानेच, कारण घाई केली तर तीही घातक. मग त्यांनी विचारले, "ही गोळी एक दिवस सोडून एक दिवस घ्यायची होती, आजोबा. रोज घ्यायला कुणी सांगितली?" मी म्हणालो, "आम्ही कंपाउंडरच्या चिठ्ठीवरून उतरवून घेतले आहे." कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे जागच्या जागी. एक अक्षर खोटे नाही. तू माझ्या मागेच उभा होतास. बातमी कळताच आलेल्या माझ्या मुलाने तुझ्याकडे पाहिले आणि तुझा चेहरा उतरला. "माझ्याच हातून झालं असणार," तू म्हणालास. "वय झालं आता. हात काय लिहितो, डोकं काय सांगतं." त्यानंतर तू दवाखान्यातली संध्याकाळची पाळी सोडलीस, खोलीला कुलूप लावलेस आणि मुलीकडे निघून गेलास. वहिनीचा निरोपही घेतला नाहीस. मला त्या दिवशी हलके वाटले, हेही लिहून ठेवतो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतले ते. तुझी मूळ चिठ्ठी सोबत पाठवत आहे. तिसरी ओळ पाहा. कागद अरुंद, म्हणून 'दिवसा' ओळीच्या शेवटी आले आहे आणि 'आड एक' खालच्या ओळीत. मधे संयोगचिन्ह नाही, कारण ते तू जन्मात कधी दिलेले नाहीस. पण औषध तू बरोबरच लिहिले होतेस: दिवसाआड एक. तुटलेले शब्द जोडणे हेच ज्याचे पोटापाण्याचे काम, त्या मी 'दिवसा' सुटे वाचले, 'आड' ही तुझी नेहमीची गबाळी भर म्हणून गाळले, आणि शुद्ध प्रतीत लिहिले, 'रोज दिवसा एक.' एवढीच गोष्ट असती, तर ती चूक म्हणता आली असती. पण लिहिताना माझा हात थांबला होता. शंका आली होती. एक जिना उतरून तुला विचारायचे, इतकेच करायचे होते. पण तुला विचारायचे म्हणजे या घरात तुझ्यावाचून अडते हे कबूल करायचे, म्हणून मी उतरलो नाही. तुझ्या हातून काहीही झालेले नाही. डॉक्टरीणबाईंना मी काल जाऊन हे सांगितले, मुलाला आज सकाळी सांगितले. तो "बाबा..." एवढेच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. तू परत ये. दवाखान्यात तुझी जागा अजून भरलेली नाही, आणि तिची पुढची चिठ्ठी तूच लिही, हव्या तितक्या चुका करून. हे पत्र मी दुपारी तिला आरंभापासून वाचून दाखवले, आरशाच्या वाक्यासकट. ती मग म्हणाली, "विचारायचं होतंत हो." त्यानंतर मी तुझ्या मुलीचा पत्ता शोधायला डायरी आणायला आत गेलो. परत येऊन पाहतो तर तिने तो पाकिटावर लिहूनही टाकला होता, घर क्रमांकापासून पिनकोडपर्यंत, कुठेही न पाहता. मी डायरीशी दोनदा ताडून पाहिला. त्यात एकही चूक नाही.

तुझाच (हे लिहिताना हात अडखळला, पण खोडलेले नाही),
पंडित