नवव्या मजल्यावरचा भोपळा

३ मार्च

— तोही गळला! पाणी घालायला वाकले, देठाला बोट लागलं एवढंच. हातात आला. लिंबाएवढा, पिवळा, बूड मऊ पडलेलं. हा तिसरा.

बाबा कठड्याजवळ खुर्चीत बसले होते. म्हणाले, "परीक्षेत भोपळा मिळवणं किती सोपं, नाही?"

गच्चीवर तीन पिंपं. त्यांतली एकच वेल तगली. जमीन विकून बाबा थंडीत माझ्याकडे राहायला आले, तेव्हा बरोबर मूठभर बिया होत्या. पेरल्या मी. हट्टाने. कारण ते म्हणाले होते, "पिंपात शेती होत नाही, बाई. मार्च संपेपर्यंत एक फळ धरून दाखव, मी इथे राहतो. नाहीतर दादाकडे जातो. त्याच्याकडे खोली तयार आहे."

"धरून दाखवते," म्हटलं. बोलून गेले.

दादा राहतो तिथे जायला रात्रभर गाडीत बसावं लागतं. बाबा गेले की दाराशी परत एकाच मापाच्या चपला.

५ मार्च

रात्रभर वाचत होते. माती वाईट नाही. पाणीही कमी नाही. इतक्या उंचावर मधमाश्याच येत नाहीत! नर फुलातला पराग मादी फुलापर्यंत पोचवायला कोणी नाही, म्हणून फळ गळतं. मादी ओळखायला सोपी — फुलाखाली चिमुकला भोपळा आधीपासूनच असतो. नराला नुसता लांब देठ.

म्हणजे माशीचं काम मी करायचं.

बाबांना सांगितलं. "आता लग्नंही तूच लावणार!"

"लावीन."

"मुहूर्त पहाटेचा असतो. फूल उजाडताना उमलतं, ऊन तापलं की मिटतं. तू उठतेस अकराला."

पाचचा गजर लावला.

६ मार्च

उठले तेव्हा ऊन पलंगावर आलेलं. मादी मिटली होती.

९ मार्च

परत तेच. गजर वाजला होता. मीच बंद केला.

बाबा म्हणाले, "वऱ्हाड माघारी गेलं."

रागाने भाषांतराचं एक पान केलं. मग पडदा ओढला आणि झोपले.

११ मार्च

उठले! अंधार होता. गच्चीवर टाक्या, तारा, ओल्या सिमेंटचा वास. नवरा दुसरीकडे राहायला गेल्यापासून मी उजाडताना पाहिलं नव्हतं. चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं.

पान बाजूला केलं. मादी अर्धी उघडलेली. पाकळ्या ओलसर, आत चिकट पिवळं. थांबून पाहिलं — हळूहळू पूर्ण उघडली. मग नर शोधायला वळले.

एकही नाही. साऱ्या वेलीवर एकही नर फूल नाही! नुसते खुडलेले देठ.

बाबा मागे उभे. "ती वांझ असतात. काल संध्याकाळी काढून टाकली. उगाच वेलीला भार."

"बाबा, तीच तर लागतात!"

"असं होय," बाबा म्हणाले. "आमच्याकडे हे सगळं माश्या बघायच्या."

रडू येत होतं. भिंतीवर ऊन उतरायला लागलं होतं. कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली, सहाव्या मजल्याच्या जाळीवर पिवळी फुलं! कपडे शिवतात त्या बाईंची गॅलरी. कुंडीत टाकलेल्या बियांतून आपोआप उगवलेला भोपळा, नुसताच पसरलेला.

या बाईंना मी वर्षभर टाळते आहे. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं होतं, "साहेब दिसत नाहीत हल्ली?" तेव्हापासून त्या लिफ्टशी उभ्या दिसल्या की मी जिन्याने जाते.

"जा की," बाबा म्हणाले. "मिटेल ते."

गेले. बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, गळ्यात टेप, दातांत टाचणी.

"मला एक नर हवा होता," म्हटलं. घाईत तेवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी टाचणी काढली. "एवढ्या सकाळी? आमच्याकडे एक आहे. पण तो अजून घोरतोय."

"फूल! भोपळ्याचं फूल!"

"मग तसं सांगा ना, ताई. मी उठवायला निघाले होते."

तीन फुलं खुडून दिली. नुसती दिली नाहीत, घेऊन स्वतः वर आल्या. मी पाकळ्या सोलल्या, आतला परागाचा दांडा मादीवर हलकेच फिरवला. पिवळी पूड चिकटलेली डोळ्यांनी दिसली. मग फूल दोऱ्याने बांधून टाकलं.

"झालं?" बाई म्हणाल्या.

"झालं."

"आमच्या लग्नाला अख्खा दिवस लागला होता. आणि पूड कुठे चिकटली अजून कळलं नाही."

बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

नवऱ्याबद्दल बाईंनी काही विचारलं नाही. मीच सांगितलं, जिना उतरताना. एका वाक्यात मावलं.

१२ मार्च

काही कळत नाही. हात लावायची भीती वाटते.

१५ मार्च

देठ हिरवा आहे. घट्ट आहे!

१८ मार्च

लिंबाच्या पुढे गेला! आधीचे तिन्ही तिथेच थांबले होते. खाली बाईंना सांगायला पळाले, लिफ्टची वाटही पाहिली नाही.

त्यांच्या जाळीवरही आता मादी आली आहे. उद्या तिथलं लग्न लावायला मला बोलावणं.

२० मार्च

काल त्यांच्या जाळीवरचं लग्न लावून आले. आज शिवणयंत्राशेजारी चहा घेतला. त्यांचा तो घोरणारा नवरा भला माणूस निघाला — खतमातीचं पोतं नवव्या मजल्यापर्यंत खांद्यावर आणून दिलं. म्हणाला, "पुढच्या वेळी मला उठवा, ताई. हिच्यापेक्षा मी जास्त कामाचा."

"फुलाच्या कामाला नाही," बाई आतून म्हणाल्या.

दुपारपर्यंत भाषांतराची अठरा पानं. डिसेंबरपासून लटकलेलं पुस्तक संपत आलं आहे. पडदे काढून धुवायला टाकले.

२५ मार्च

नारळाएवढा. वेल खाली ओढली जाते आहे. बाईंनी जुन्या परकराची झोळी शिवून दिली, कडेला दुहेरी टीप. "झोळी माझी, तेव्हा बारशाला पहिला मान माझा." झोळी गजाला बांधली, भोपळा तिच्यात ठेवला.

बाबा रोज सकाळी माझ्या आधी वर असतात. पान उचलतात, बघतात, सोडतात. मत देत नाहीत. विचारलं, "धरला ना?" म्हणाले, "महिना संपू दे. वेलीचा भरवसा नसतो, आणि तुझाही."

२८ मार्च

वारा. इतका की पिंपाचं झाकण उडून टाकीवर आपटलं. दोघांनी मिळून वेल दोरीने आवळली. बाबांनी अंगातला सदरा काढून झोळीवर गुंडाळला आणि बनियनवर उभे राहिले, भोपळ्याला पाठ लावून. "आत जा बाबा!" "तू जा." कोणीच गेलं नाही.

टिकला.

३१ मार्च

सकाळी निकाल. बाईही वर आल्या, त्यांचा नवराही, दात न घासता. बाबांनी भोपळा दोन्ही हातांत तोलला. नखाने देठ टोचून पाहिला. कान लावून टिचकी मारली. परीक्षक झाले होते अगदी!

"धरला," ते म्हणाले. "हरलो मी. राहतो."

मी ओरडले. खरंच ओरडले — समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. बाईंनी मला मिठी मारली, गळ्यातला टेप मध्ये टोचला. त्यांचा नवरा टाळ्या वाजवत होता. मला लहानपणी पोहता आलं तेव्हा असं झालं होतं. त्यानंतर आज.

मी धरून दाखवला. नवव्या मजल्यावर, पिंपात, माशीशिवाय. बाबा राहणार.

आणखी चार मादी फुलं येऊ घातली आहेत. पिंपं वाढवायची.

१ एप्रिल

सकाळी दादाला फोन केला. म्हटलं, ती खोली आता दुसऱ्या कशाला वापर, बाबा येत नाहीत.

"कुठली खोली? एक तारीख म्हणून बनवतेस का मला?"

त्याच्याकडे रिकामी खोली नाही. बाबा येणार, हे त्याला कोणी कधी सांगितलेलंच नाही. म्हणाला, "मला तर थंडीतच म्हणाले होते — पोरगी उठून हिंडायफिरायला लागल्याशिवाय मी तिथून हलत नाही."

वर गेले. बाबा वेलीला पाणी घालत होते. त्यांना काही विचारलं नाही.