भिंतीवर उमटलेला मावशीचा फोल्डर

तीर्थस्वरूप मावशीस,

खुर्चीतून न उठता (लॅपटॉपची वायर तेवढी लांब नाही) घातलेला साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुला सगळं लख्ख दिसतं, असं आई सांगत होती. तरी हे पत्र जरा चष्मा काढून वाच, कारण यात माझ्याबद्दल बरंच काही आहे. काकांचं कानातलं यंत्र सापडलं का? (नसेल तर सोफ्याच्या फटीत हात घालून बघ, मागे मला तिथे माझं पेन आणि दुसऱ्या कुणाचा तरी कंगवा सापडला होता.) मी इकडे ठणठणीत आहे, म्हणजे प्रकृतीनं. नोकरीचं म्हणशील तर तेच सांगायला बसलोय.

जुन्या आवाजांच्या संग्रहालयातली ही नोकरी अजून कच्ची आहे हे तुला ठाऊक आहेच. फितींवरची भाषणं, मुलाखती संगणकात उतरवायच्या आणि कुणी मागितलं की चटकन काढून ऐकवायच्या, एवढंच काम. ते करायचं त्या काळ्या टर्मिनलमध्ये, म्हणजे तू मला शाळेत असताना शिकवलंस त्याच खिडकीत, जिथे बटणं-बिटणं नसतात, आज्ञा टाइप करायची आणि यंत्रानं मुकाट्यानं ऐकायची. मला हे काम मनापासून आवडतं, मावशी. याआधीच्या नोकऱ्या सुटल्या तेव्हा मी आइस्क्रीम खाल्लं होतं, ही सुटली तर मला खरंच रडू येईल. ती पक्की करायची की नाही हे आमच्या संचालिका बाई गुरुवारच्या प्रात्यक्षिकानंतर ठरवणार होत्या.

आता तुझी ती खिडकी म्हणजे काळ्या पाटीवर एक डॉलरचं चिन्ह आणि शेजारी लुकलुकणारी रेघ. इतकी वर्षं तू तिच्याकडे बघून कशी जेवलीस कोण जाणे. मी फक्त रंग बदलायला म्हणून गेलो. पण जगभरातली भली माणसं आपापली कामंधामं सोडून ही खिडकी सजवायची साधनं लिहितात आणि चक्क फुकट वाटतात, आतला कोडसुद्धा उघडा ठेवतात, की घ्या, बघा, हवं तसं बदला. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे तर मालालाही नव्हतं. मग काय, डॉलरच्या जागी आधी घड्याळ आलं, मग बॅटरी, मग बाहेरचं हवामान, मग चंद्राची कला. (संग्रहालयाच्या त्या खोलीला खिडकी नाही, म्हणून हवामान. चंद्राचं समर्थन माझ्याकडे नाही.) प्रत्येक आज्ञेनंतर यंत्र इंटरनेटवर जाऊन बाहेर ऊन आहे का ते विचारून यायचं, तोवर मी पाणी पिऊन यायचो. शिवाय काही चुकलं की लाल अक्षरांत नुसतं डाफरण्याऐवजी खाली मोठ्या हिरव्या अक्षरांत 'हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करा!' असं उमटावं, ही सोयही मी केली. माणसाला धीर देणारं कुणीतरी हवं.

त्यानंतर आज्ञांची बारशी केली. फोल्डरमध्ये शिरायला 'चल', आतलं बघायला 'दाखव', आवाज ऐकायला 'बोल'. आणि सगळ्यांत कौतुकाचं साधन म्हणजे मनकवडं: दोन अक्षरं टाइप केली की पूर्वी दिलेली आज्ञा ते पुढे फिक्या करड्या रंगात सुचवतं, उजवीकडचा बाण दाबला की ती पुरी होते. सुट्टीत तुझ्याकडे आलो तेव्हा तू भाजी चिरत होतीस, तेवढ्यात हे सगळं तुझ्याही यंत्रावर बसवून दिलं, आठवतंय? तू म्हणालीस, "असली थेरं मला नकोत, माझं साधं ते बरं." मी हो हो म्हणत आणखी एक साधन घातलं, ज्यामुळे दोन यंत्रांवर दिलेल्या आज्ञा एकत्र साठतात. म्हणजे तू तिकडे जे टाइप करशील ते इकडे माझ्या मनकवड्याला कळणार. हे मी तुला सांगायला विसरलो, आणि मग स्वतःही विसरलो.

तर गुरुवार. सभागृहात बाई, विश्वस्त मंडळी, आणि मानाच्या खुर्चीवर एक निवृत्त दंतवैद्य बाई. त्यांनी आपल्या वडिलांच्या भाषणांच्या फिती संग्रहालयाला दिलेल्या, त्याच मला काढून ऐकवायच्या होत्या. माझी खिडकी समोरच्या अख्ख्या भिंतीवर. चंद्र पाहून मागच्या रांगेत कुणीतरी "वा!" म्हणालं आणि माझी छाती फुगली. फोल्डरचं नाव 'भाषणे'. मी ऐटीत 'चल भा' एवढं टाइप केलं, लोकांकडे बघत सवयीनं बाण दाबला, एंटर दाबलं आणि मागे वळलो.

भिंतीवर लिहिलं होतं: चल भाच्याची-नोकरी-सुटल्यावर.

या टर्मिनलला मराठी धड लिहिता येत नाही, काने-मात्रे एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे पडतात. एरवी मी त्यावर चिडतो, त्या दिवशी वाटलं, देव पावला, कुणाला वाचता येणार नाही. पण दंतवैद्य बाई चिकाटीच्या. त्यांनी चष्मा वर केला आणि पहिलीतल्या मुलासारखं मोठ्यानं वाचायला घेतलं, "भा... च्या... ची..." आणि अडल्या तिथे विश्वस्तांनी मदत केली. सगळं सभागृह मिळून 'नोकरी सुटल्यावर' पर्यंत पोचलं. आता असा फोल्डर माझ्या यंत्रावर कुठला असायला! त्यामुळे खाली लाल अक्षरांत 'असा फोल्डर इथे नाही', आणि त्याखाली, हातभर उंच हिरव्या अक्षरांत, 'हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करा!'

भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत. बाईंनी शांतपणे विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "माझ्या मावशीचं आहे." त्या म्हणाल्या, "म्हणजे जे मी अजून ठरवलं नाही, ते तुमच्या मावशींचं ठरलंसुद्धा?" लोक हसले. मीही हसलो.

मग मी 'भाषणे' हा शब्द एकेक अक्षर टाइप केला, बाणाकडे ढुंकूनही न बघता, आणि आवाज लावला. आधी खरखर झाली, मग एक भारदस्त पुरुषी आवाज म्हणाला, "आधी मागे बसलेल्यांना ऐकू येतंय का ते सांगा." दंतवैद्य बाई मागच्याच रांगेत असल्यासारख्या पटकन म्हणाल्या, "येतंय." मग पर्स मांडीवर घट्ट धरून त्या शेवटपर्यंत तशाच बसल्या. मलाही भरून आलं, ते सांगायला लाज कसली.

निघताना त्या माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या, म्हणून बाईंनी मला लगेच घालवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "सोमवारी माझ्या टेबलावरच्या यंत्रावर या. तिथे चंद्र नाही. मी सांगेन ती फीत शोधून लावून दाखवा, मग बघू." तेव्हा काळजी करू नकोस. मी इथे रुळलो आहे, काम हातात बसलं आहे आणि आत्मविश्वास दांडगा आहे.

काकांना नमस्कार, तोही खणखणीत आवाजात.

तुझा (हे लिहीपर्यंत तरी नोकरीत असलेला)
भाचा

ता. क. आज सरावाला म्हणून बाईंच्या यंत्रासारख्या एका कोऱ्या यंत्रापुढे बसलो. 'चल' म्हटलं, हललं नाही. 'दाखव' म्हटलं, दाखवलं नाही. बारशाची नावं पाठ आहेत, पण मूळ आज्ञा एकही आठवत नाही. काय चुकलं विचारायला गेलो तर धीरसुद्धा कुणी दिला नाही. शनिवारी सकाळी तुझ्याकडे येतो. मला पहिल्यापासून शिकव, लहानपणी शिकवलंस तसं, चुकलो तर डोक्यात टपली मारून. कुणाला सांगू नकोस, आईला तर मुळीच नको.

ता. ता. क. थेरं नकोत म्हणणारी तू 'चल' वापरतेस हे त्या भिंतीवर मलाच सगळ्यांत आधी दिसलं. एवढ्या फजितीतही बरं वाटलं.

शेवटचं. आज्ञा एकत्र साठवणारं ते साधन मी अजून बंद केलेलं नाही. आज सकाळी तू पुन्हा त्या फोल्डरमध्ये गेलीस आणि 'वरची-खोली-पिवळा-रंग' उघडलंस. नोकरी टिकेलच, तरीपण पिवळा नको, फिका निळा दे. आणि पलंगाशेजारी एक प्लग काढून घे, लॅपटॉपची वायर लांब नाही.